आरमोरीच्या रस्त्यावर ‘स्पोर्ट टूरिंग’ : जड मोटरसायकलची रोजची रपेट आणि निगा

आरमोरी / प्रतिनिधी

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा येणारा रस्ता वैनगंगेचा पूल ओलांडून आरमोरीत पोहोचतो आणि साकोली-वडसा-गडचिरोली या रस्त्याला मिळतो. अंतर १४० किलोमीटरच्या आसपास. पुढे गडचिरोली सुमारे ३५ किलोमीटर, मागे वडसा त्याच्या निम्म्यावर. रेल्वे गाठायची तर वडसा गाठावे लागते. नागपूर-नागभीड ही नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाल्यानंतर या पट्ट्यातील माणसाचा एस.टी. आणि स्वतःची दुचाकी यांवरचा भार आणखी वाढला. कोशाच्या कापडासाठी आणि धानासाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याच्या गावात म्हणूनच मोटरसायकल ही चैनीची वस्तू नाही. मात्र ती जेव्हा १०० सीसीची न राहता २२० किंवा ४०० सीसीची होते, तेव्हा ती चालवण्याची आणि सांभाळण्याची रीत बदलते. शोरूममध्ये ही रीत क्वचितच सांगितली जाते. शहरातून गडचिरोलीच्या दिशेने ‘राइड’ला निघणाऱ्यांनाही ती उपयोगी पडावी, यासाठी हा लेख.

कोणत्या गाडीला ‘स्पोर्ट टूरिंग’ म्हणायचे?

शर्यतीच्या गाडीवर चालक टाकीवर पालथा पडल्यासारखा बसतो, तर निव्वळ टूरिंग गाडीवर आरामखुर्चीत रेलल्यासारखा. या दोहोंच्या मधली जी बैठक, ती स्पोर्ट टूरिंगची. पाठ किंचित पुढे झुकलेली, पायठेवणी थोडी मागे, समोर वारा अडवणारे आवरण किंवा काच, टाकी मोठी, आणि इंजिन दिवसभर एका लयीत वेगाने चालू शकेल असे. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९७६ मध्ये आणलेली ‘आर १०० आरएस’ ही या घराण्यातील आद्य गाडी मानली जाते. तिचे पुढचे आवरण वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवलेले होते.

आपल्याकडे हा प्रकार लहान आकारात आला. हिरो होंडाची करिझ्मा २००३ मध्ये आली, २२३ सीसीची. पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये पल्सर आणून तरुणांची चव आधीच बदलली होती. २००७ मध्ये तिची २२० सीसीची, इंधन-इंजेक्शनची आवृत्ती निघाली आणि २००९ मध्ये तीच कार्ब्युरेटरसह, कमी किमतीत आली. डिसेंबर २०१६ मध्ये बजाजनेच डॉमिनार ४०० बाजारात उतरवली. ३७३ सीसीचे, पाण्याने थंड होणारे इंजिन, १३ लिटरची टाकी आणि १८० किलोंच्या पुढचे वजन. २०२० मध्ये तिची धाकटी बहीण, डॉमिनार २५०, आली. करिझ्माचे नावही २०२३ मध्ये २१० सीसीच्या नव्या गाडीवर परतले. परदेशी मापाने या साऱ्या लहानच गाड्या. पण आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या खिशाला स्पोर्ट टूरिंग म्हणजे याच.

किमतीच्या बाबतीत एक फरक ध्यानात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्याहून मोठ्या इंजिनांवर तो ४० टक्के झाला. त्यामुळे अडीचशे आणि चारशे सीसी यांच्यातली दरी रुंदावली. आरमोरी-गडचिरोली अशा रोजच्या फेऱ्यांसाठी, आमच्या मते, अडीचशेपर्यंतची गाडी पुरेशी आहे. चारशेची ताकद वाया जाते आणि वजन मात्र रोज वागवावे लागते.

रोजच्या वापराचे गणित

एखादा नोकरदार आरमोरीहून गडचिरोलीस रोज जाऊन येतो असे धरू. दिवसाला ७० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस म्हणजे १,७५० किलोमीटर. लिटरला ३० किलोमीटर धरले तर दिवसाला सव्वादोन लिटरहून अधिक पेट्रोल लागते. १०० सीसीची गाडी हेच अंतर सव्वा लिटरच्या आत कापते. काटकसर हा हेतू असेल तर येथेच विचार थांबवावा.

या आकड्याचा दुसरा अर्थ देखभालीचा आहे. पुस्तिकेत ‘दर ५०० किलोमीटरला चेन’ आणि ‘दर ५,००० किलोमीटरला सर्व्हिसिंग’ असे लिहिलेले असेल, तर पहिले काम आठवड्याला आणि दुसरे तीन महिन्यांच्या आतच येते. शहरात रविवारी गाडी बाहेर काढणाऱ्यासाठी वर्षभराचे जे वेळापत्रक, ते येथे एका हंगामात संपते. म्हणून महिन्याच्या नव्हे, किलोमीटरच्या हिशेबाने वही ठेवावी. सुट्या भागांसाठी बहुतेक वेळा नागपूरकडे पाहावे लागते. क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, मागचे-पुढचे ब्रेकपॅड, स्पार्क प्लग आणि दोन-चार फ्यूज घरात असावेत. पल्सर २२० सारख्या गाडीला एकाच सिलिंडरसाठी दोन प्लग असतात. एक बंद पडला तरी गाडी चालत राहते. मात्र तिची ओढ कमी होते, पेट्रोल जास्त जाते आणि कारण लवकर उमगत नाही.

गावातल्या गावात ही गाडी त्रासदायकच. हँडल पुरते वळत नाही, बाजाराच्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये इंजिन गुदमरते, रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम वारा गुडघ्यांवर येतो. अर्धा क्लच दाबून रांगत राहिल्यास क्लचप्लेटा लवकर झिजतात. त्यापेक्षा थोडे थांबून, पुढची जागा मोकळी झाल्यावर सोडणे बरे. वाळूच्या किंवा ओल्या मातीच्या अंगणात साइड स्टँडखाली चपटा दगड अथवा फळीचा तुकडा ठेवावा. १८० किलोंची गाडी रात्रीतून कलंडते, आणि एकट्याने उचलताना कंबर धरते. उचलायची झाल्यास तिच्याकडे पाठ करून, गुडघ्यात वाकून, पायांच्या जोरावर उचलावी.

मागे बसणाऱ्यांचाही विचार हवा. मागचे चाक निम्मे झाकणारे जाळीदार संरक्षण, ज्याला सर्रास ‘साडी गार्ड’ म्हणतात, ते कायद्याने आवश्यक आहे. गाडीचे रूप बिघडते म्हणून ते काढून टाकण्याची फॅशन आहे. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा पदर चेनमध्ये किंवा आऱ्यांत गेला तर काय होते, हे कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात विचारावे. मागचे आसन उंच असलेल्या या गाड्यांवर तर ते काढूच नये.

चेन, तेल आणि हवा

चेनच्या कड्यांमध्ये रबराच्या बारीक गोल कड्या असतात आणि त्यांच्या आड कारखान्यातच भरलेले ग्रीस असते. चेन धुताना हे ग्रीस जपायचे असते. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश वापरला की रबर फाटते, ग्रीस निघून जाते आणि वरून कितीही तेल ओतले तरी आतून ती कोरडीच राहते. केरोसीन किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश आणि जुने फडके एवढे पुरते. नंतर ९० नंबरचे गिअर ऑइल अथवा चेन स्प्रे आतल्या बाजूने लावून जास्तीचे पुसून घ्यावे. हे काम गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना करावे, म्हणजे तेल फटींत उतरते आणि रात्रभर मुरते. इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून चेन पुसण्याची सवय मात्र सोडावी. बोटे गमावलेली माणसे याच घाईची आहेत.

चेनचा झोळ साधारणपणे २५ ते ३५ मिलिमीटर असतो, नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी तो मोजावा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. फार घट्ट चेन ही सैल चेनपेक्षा वाईट. मागे माणूस बसला आणि खड्डा आला की तिचा सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेटही बदलावीत. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन फार टिकत नाही.

तेलाबाबत एक चूक वारंवार होते. ट्रॅक्टरसाठी किंवा चारचाकीसाठी आणलेले चांगले महागडे तेल घरात असते, तेच मोटरसायकलमध्ये ओतले जाते. चारचाकीचा क्लच कोरडा असतो. मोटरसायकलचा मात्र इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. चारचाकीच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांनी क्लचप्लेटा घसरू लागतात, इंजिन ओरडते आणि गाडी ओढत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ असे छापलेले असेल तरच ते तेल घ्यावे, आणि घट्टपणाचा आकडा पुस्तिकेप्रमाणे.

टायरमधील हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी मोजावी. तीस किलोमीटर धावून आलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला असतो. तो ‘जास्त’ समजून कमी केला, तर थंड झाल्यावर टायर बसका होतो आणि वळणावर गाडी डोलते. मे महिन्यात तर ही चूक हमखास होते. पंपावरचे मीटर सर्वत्र सारखे नसते. स्वतःचे छोटे गेज घ्यावे. ट्यूबलेस टायरला पंक्चर झाले तर हवा हळू उतरते, ही सोय मोठीच आहे. पण ग्रामीण भागातील पंक्चरवाल्यांची सवय ट्यूब काढण्याची. लोखंडी पट्ट्यांनी टायर सोडवताना अलॉय चाकाची कड वाकली की पुढे हवा कायमची गळते. पंक्चरच्या पट्ट्या, सुई, चिकटद्रव आणि पायपंप आसनाखाली असावा, आणि पंक्चर काढण्याचा सराव घरी एकदा करून ठेवावा.

चार महिने पावसाचे

गडचिरोली जिल्ह्यात गाडीची आणि चालकाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. हा महाराष्ट्रातील भरपूर पावसाचा, वनाच्छादित भाग. आरमोरीभोवती वैनगंगा, गाढवी, खोब्रागडी आणि असंख्य नाले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोलीपर्यंतची नदीकाठची गावे वेढली होती, हे वाचकांच्या स्मरणात असेल. वरच्या अंगाला गोसीखुर्द धरण आहे. येथे पाऊस नसतानाही वर दारे उघडली की नदी चढते. त्यामुळे ‘आभाळ स्वच्छ आहे’ हा पुराव्याचा भाग होऊ शकत नाही. दक्षिणेकडे पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या तर दर पावसाळ्यात येतात.

कमी उंचीच्या पुलावरून किंवा रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालायची का, हा येथील रोजचा प्रश्न आहे. उत्तर एकच : नाही. जड गाडी पाण्यात टिकेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वाहते पाणी चाकांच्या रुंद बाजूवर आणि आवरणावर ढकलते, तर खाली दोनच तळव्यांएवढी पकड असते. त्यातून पाण्याखाली डांबर उरले आहे की वाहून गेले आहे, हे वरून दिसत नाही. गढूळ पाणी गुडघ्याखालीच आहे असे दिसले तरी त्यात पाऊल टाकून अंदाज घेण्याचा प्रयत्नही जीवघेणा ठरला आहे. पाणी ओसरेपर्यंत थांबावे. लोक ओलांडताहेत म्हणून आपणही ओलांडावे, हा तर सर्वांत घातक तर्क.

साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यातून जावेच लागले तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारखा ॲक्सिलरेटर ठेवून, न थांबता जावे. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर कापावे, म्हणजे डिस्क आणि पॅड कोरडे होतात. गाडी पाण्यातच बंद पडली तर स्टार्टरचे बटण दाबू नये. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले असेल तर पिस्टन वर येताना ते दाबले जात नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. गाडी ढकलत बाहेर काढावी, प्लग काढून पाणी निघू द्यावे, तेलाचा रंग पाहावा. ते दुधाळ झाले असेल तर बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नये. येथे विम्याचाही प्रश्न येतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत तृतीय पक्षाचा विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे ‘विमा आहे’ या समजुतीत मालक राहतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एक वर्षाचाच असतो आणि तो कधी संपला हे पुरानंतर कळते. शिवाय पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन मोडले, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही असे विमा कंपन्या सामान्यतः सांगतात. इंजिनासाठीचे जादा संरक्षण नदीकाठच्या मालकाने विचारून घ्यावे.

रोवणीच्या दिवसांत दुसरा धोका चिखलाचा. बांधीतून निघालेला ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती शे-दोनशे मीटर रस्त्यावर सांडत जातो. त्यावर पाऊस पडला की साबणच. अशा पट्ट्यावर गाडी सरळ ठेवावी, ब्रेक आधीच लावून घ्यावा आणि चिखलावर पोहोचेपर्यंत बोटे मोकळी करावीत. १२५ सीसीवरील दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. ते चाक अडकू देत नाही, हे खरे. पण पकड निर्माण करणे त्याच्या हाती नाही. सुट्या गिट्टीवर तर एबीएस असलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागू शकते.

पावसाळ्यात चेनचे वेळापत्रक निम्म्यावर आणावे. मडगार्डच्या आतली माती पाण्याच्या साध्या नळीने काढावी. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि वायरींच्या जोडांत पाणी घुसते. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. दर दोन वर्षांनी ते बदलावे, अन्यथा उतारावर सतत ब्रेक लावल्यावर त्यातील पाण्याची वाफ होते आणि लिव्हर हँडलपर्यंत जातो.

पेट्रोलच्या बाबतीतही ओल महत्त्वाची झाली आहे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी पुरेसे झाले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी. टाकीतली रिकामी जागा म्हणजे दमट हवेची जागा. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांत, विशेषतः कार्ब्युरेटरच्या जुन्या करिझ्मा-पल्सरमध्ये, रबरी नळ्या आणि सील दर सर्व्हिसिंगला पाहून घ्यावेत. इथेनॉलची उष्णता लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असल्याने मायलेज थोडे उतरणारच. त्यासाठी मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही.

रात्रीचा रस्ता

दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई, शंकरपट आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे या रंगभूमीचे केंद्र. प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. नाटक पाहून जागरण झालेले प्रेक्षक गार, धुक्याच्या वेळी दुचाकीवर परततात. याच दिवसांत मळणी चालू असते, धानाची पोती आणि तणीस भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि त्यांतल्या अनेकांना मागचा दिवा नसतो. बैलबंडीला तर दिव्याचा प्रश्नच नाही.

येथे थोडे गणित उपयोगी पडते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. डोळ्यांनी पाहिले, मेंदूला कळले आणि बोटांनी ब्रेक दाबला, यात साधारण एक सेकंद जातो. पुढे कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण ५७ मीटर. ताशी ६० ला हेच अंतर ३७ मीटर भरते, आणि ताशी १०० ला ८० मीटरच्या पुढे जाते. हेडलाइटचा खालचा झोत ४०-५० मीटरपलीकडे फारसे दाखवत नाही. म्हणजे समोरच्या वाहनासाठी डिपर देऊन ८० ने जाणारा चालक न दिसलेल्या रस्त्यात शिरत असतो. ओल्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर जवळपास दुप्पट धरावे. अंधारात, जंगलपट्ट्यात, ५०-६० हाच वेग. इंजिन शंभरावर न हापसता चालते, ही त्याची गुणवत्ता आहे, पण त्यामुळेच चालकाला वेग जाणवत नाही.

वाघाविषयी बरेच बोलले जाते, आणि ते निराधार नाही. १३ माणसांचा बळी घेणारा ‘सीटी-१’ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रातच जेरबंद झाला होता. रस्त्याकडेला झुडपाआड लघुशंकेसाठी उतरणे, पहाटे मोहफुलांच्या दिवसांत जंगलालगत गाडी उभी करून रेंगाळणे टाळावे. परंतु चालत्या मोटरसायकलस्वाराला वाघापेक्षा मोठा धोका रानडुक्कर, रोही, चितळ आणि सर्वांत अधिक म्हणजे रस्त्यावर बसलेल्या गुरांचा. एक चितळ रस्ता ओलांडून गेले की गाडी हळू करावी, मागून आणखी येतात.

हत्तींचे तसे नाही. छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप ऑक्टोबर २०२१ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात आला आणि वडसा, कुरखेडा, आरमोरी या भागांत वावरू लागला. धान पिकल्यावर ते शिवारात उतरतात. हत्ती दिसल्यास लांबूनच गाडी वळवावी. हॉर्न, मोठा झोत, मोबाइलवर चित्रीकरण यांपैकी काहीही करू नये. जड गाडी अरुंद रस्त्यावर एका दमात वळत नाही, हे आधीच ठाऊक असलेला चालक वेळेत थांबतो. रात्री निघण्यापूर्वी गावातील वनकर्मचाऱ्यांकडे कळपाची दिशा विचारणे हा पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

उन्हाळा

ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५-४६ अंशांपलीकडे जाणे नवे नाही. आरमोरी नदीच्या अलीकडे, एवढाच फरक. अशा दिवसांत कूलंटची पातळी इंजिन थंड असताना बघावी आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. त्यात बोअरचे पाणी घालू नये, त्यातील क्षार आतल्या बारीक नळ्यांत थर धरतात. नाइलाज झाला तर शुद्ध केलेले पाणी घालून घरी आल्यावर कूलंट बदलून घ्यावे. चिखल आणि किडे यांनी भरलेली रेडिएटरची जाळी मऊ ब्रशने साफ करावी, पत्र्याच्या पट्ट्या वाकवू नयेत. एअर फिल्टर मळणीच्या आणि मुरमाच्या धुळीने पुस्तिकेतील मुदतीपूर्वीच भरतो. तो उजेडात धरून पाहावा. उन्हात अर्ध्या बाह्यांचा शर्ट गार वाटतो, पण ४५ अंशांचा वारा अंगावर घेतल्यास शरीरातील पाणी झपाट्याने जाते. पूर्ण बाह्यांचे सुती कापड, हातमोजे, आणि तासाभराने पाण्यासाठी थांबा.

हेल्मेटविषयी येथे दोन मते असू नयेत. भारतीय मानक संस्थेचे चिन्ह असलेलेच हेल्मेट विकता येते, हा नियम जून २०२१ पासून आहे. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे. अपघात झाला तर आरमोरी-गडचिरोलीहून मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा नागपूर गाठावे लागते, तो प्रवास तीन तासांचा.

दक्षिणेकडे जाताना

सुट्टीत आलापल्ली, सिरोंचापर्यंत जाण्याचा बेत करणारे आरमोरीतून जातात. गडचिरोलीपासून सिरोंचा दोनशे किलोमीटरांहून अधिक. १३ लिटरच्या टाकीत लिटरला २८ धरून साडेतीनशे किलोमीटर होतात, कागदावर. गडचिरोलीला टाकी भरून घ्यावी आणि ती निम्मी झाली की पुढचा पंप शोधावा. सुरजागडच्या लोहखनिजाची अवजड वाहतूक सुरू झाल्यापासून आष्टी-आलापल्ली बाजूला ट्रकची रांग, उडणारी लाल धूळ आणि उखडलेली कड यांची तयारी ठेवावी. ट्रकच्या मागे धुळीत शिरून ओलांडू नये, समोरचे दिसेपर्यंत मागे राहावे. अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवावा, घरी परतीची वेळ सांगून निघावे आणि अंधारापूर्वी मुक्काम गाठावा. सामान मागे उंच बांधण्याऐवजी दोन्ही बाजूंना खाली, सारख्या वजनाचे बांधावे. निघताना हेडलाइटचा झोत तपासावा, मागे वजन आले की तो आभाळाकडे जातो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी

‘एमएच ३३’ पासिंगच्या जुन्या करिझ्मा आणि पल्सर २२० आजही हौसेने विकत घेतल्या जातात. व्यवहारापूर्वी गाडी मधल्या स्टँडवर, तो नसल्यास आधाराने उचलून, पुढचे चाक हवेत ठेवून हँडल हळू फिरवावे. मध्यभागी ‘खट्’ करून अडकत असेल तर स्टीअरिंगची बेअरिंग गेली. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ, आवरणाच्या आतील बाजूस मातीची रेघ, हेडलाइटच्या काचेत ओल, हे पुरात बुडालेल्या गाडीचे ओळखीचे ठसे. इंजिन थंड असतानाच सुरू करून ऐकावे. विकणाऱ्याने ते आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जावे.